दोन डबे आणि एक बहुमत

सोडलेला श्वास माणसाने पुन्हा घेऊ नये, असे निसर्गाचे मत आहे; पण निसर्गाला काटकसर कधी जमलीच नाही. ती पाणबुड्यांच्या क्लबला जमली. त्यांच्या पाठीवरचे रीब्रीदर नावाचे यंत्र सोडलेला श्वास पांढऱ्या चुन्याच्या दाण्यांतून गाळते, त्यातला घातक वायू दाण्यांत अडकवते आणि उरलेला श्वास परत तोंडाशी आणते. दाण्यांत खोड एकच. दम संपला तरी ते दिसायला ताज्यासारखेच राहतात. (पाणबुड्याचे तसे नाही. त्याला धाप लागते, डोके ठणकते आणि मग काही लागायचे उरत नाही.)

म्हणून दोन बुड्यांच्या मधल्या काळात दाणे कसे ठेवावेत, याची पद्धत क्लबच्या सचिवांनी घालून दिली होती. घट्ट झाकणाचे दोन सारखे डबे. डाव्यात ताजे दाणे, उजव्यात वापरलेले, कारण अर्धा जीव शिल्लक असलेली वस्तू टाकणे सचिवांच्या रक्तात नव्हते. डब्यांवर चिठ्ठ्या लावणे त्यांना कमीपणाचे वाटे. सगळे त्यांच्या डोक्यात असे.

शनिवारी त्यांच्या पत्नीने कपाट पुसले. डबे उतरवले, परत ठेवले.

रविवारी किनाऱ्यावर जाताना सचिवांनी विचारले, "अगं, कुठला कुठे ठेवलास?"

"मला काय ठाऊक? दोन्ही टाकून द्या ना."

"चांगला माल टाकू?"

"मग जीव टाका," ती म्हणाली आणि त्यांच्यासोबत निघाली.

किनाऱ्यावर तातडीची सभा भरली. डबे हलवून ऐकण्यात आले. वास घेण्यात आला. खजिनदारांना शिंक आली, ती उजव्या डब्याच्या विरोधात धरण्यात आली. सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी आवाजावरून डावा डबा ताजा ठरवला. (त्यांच्या कानांना आदल्या बुडीपासून दडे बसले होते, पण अनुभव तो अनुभव.) सत्तर टक्के सभासदांना खात्री होती, उरलेल्या तीस टक्क्यांना त्याहून जास्त. एका समंजस सभासदाने दोन्ही डबे अर्धे अर्धे मिसळावेत, म्हणजे कुणाचेच मन दुखावणार नाही, अशी उपसूचना मांडली. शेवटी हात वर करून मतदान झाले आणि डावा डबा प्रचंड बहुमताने ताजा निवडून आला.

टाळ्या वाजल्या. खाली मात्र सचिवांनाच उतरायचे होते. पण बहुमताचा मान राखायचा म्हणून ते डाव्या डब्यातले दाणे यंत्रात भरायला बसले.

"हात वर केलेल्यांपैकी कोण घालतंय हे पाठीवर?" पत्नीने विचारले.

सगळे समुद्राकडे पाहू लागले. तिने नवऱ्याच्या हातातला डबा काढून घेतला, दुसराही उचलला आणि दोन्ही कचऱ्याच्या पिंपात पालथे केले. सचिवांना हायसे वाटले. तरी त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असा निषेध नोंदवला.

क्लबमध्ये तो वाद अजून मिटलेला नाही. खुशाल हसा. पण ताजा डबा डावा की उजवा, हे तुम्हीही मघाशीच मनात ठरवून टाकले आहे. आणि तुम्ही तर डबे पाहिलेसुद्धा नाहीत.