तुळशीरामांचं सुलभ चालणं

कोणतीही विद्या सर्वसामान्यांपर्यंत न्यायची, तर तिच्यातलं अवघड तेवढं आधी काढून टाकावं लागतं. मोताळ्याच्या सुलभ कार्टून प्रशिक्षण केंद्राने हे व्रत मनापासून घेतलं होतं. केंद्राच्या ॲपमध्ये गोल काढला की डोकं, रेघ मारली की हात, आणि बटण दाबलं की माणूस चालायला लागे. (बटण दाबायचं प्रशिक्षण वेगळं असे.)

समीक्षाने केंद्रात नाव घातलं ते आजीसाठी. आजोबा तुळशीराम पोळ्यानंतर गेले. फोटो होते, पण सगळ्यांत ते खुर्चीवर बसलेले. आजीला, अन्नपूर्णाबाईंना, त्यांचं चालणं बघायचं होतं. बाजाराला जाताना ते पुढे, त्या मागे; आणि थोड्या थोड्या अंतरावर ते चप्पल नीट करायला वाकत. चप्पल नीटच असे. वाकलं की मागे बघता येई, एवढंच. बायकोवरच्या जीवाचं याहून मोठं जाहीर प्रदर्शन त्यांनी उभ्या जन्मात केलं नाही.

समीक्षाने आजोबा काढले. चपलेशी वाकलेल्या हाताची बोटं काही जमेनात. तिने तक्रार केली, आणि केंद्र तक्रारीची दखल घेणारं निघालं, हे तिचं दुर्दैव. नव्या आवृत्तीत बोटंच काढून टाकली. मग कुणाला हात जड जात म्हणून हात गेले, कुणाचे गुडघे चुकत म्हणून पाय गेले. नाक-डोळे ऐच्छिकच होते. शेवटी एक अंडं उरलं आणि नापासांचं प्रमाण शून्यावर आलं.

"पण सर, आबा चालून कुठी राह्यले?" समीक्षाने विचारलं.

"पाहणाऱ्यानं मान हलवाची," शिकवणारे हर्षल सर शांतपणे म्हणाले. "डावीकडून उजवीकडे. लय सोपं हाय."

आठवडी बाजारात केंद्राचा पडदा लागला आणि त्यावर तुळशीरामांचं अंडं झळकलं. अख्खा बाजार मान हलवू लागला, चालीचं कौतुकही झालं. अन्नपूर्णाबाई तेवढ्या मान ताठ ठेवून बसल्या.

"पायच नाहीत तं चप्पल कशात घालतीन हे?" त्या नातीला म्हणाल्या. "अन् चप्पल नाही तं मांगं कोणत्या बहाण्यानं पाहतीन?"

समीक्षाला रडू आलं.

केंद्राच्या अहवालात अन्नपूर्णाबाईंची नोंद 'सहकार्य न करणारा एक प्रेक्षक' अशी आहे. बाकी यश शंभर टक्के. त्यात आपणही आलात. हे वाचताना आपली नजर डावीकडून उजवीकडे गेलीच, म्हणजे तुळशीराम चालले. मागे वळून मात्र आपणही पाहिलं नाहीत.