निमाताईंच्या माश्या

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये निमाताई भर मे महिन्यात टेबलफॅन माश्यांवर सोडत आणि स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत. केळ्यांवर घोंगावतात ना, त्या चिमुकल्या, लाल डोळ्यांच्या माश्या. दुधाच्या बाटल्यांत, तोंडाला कापसाचे बोळे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नवी नवरी, बी.ए., म्हणजे स्वतःच्या मते सर्वज्ञ. आज माझ्या नातीला त्याहून जास्त अक्कल आहे. शेजारच्या निमाताई संशोधक, एकट्या राहायच्या. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरातून गूळ आणि मक्याच्या पिठाचा असा वास आला, की मी वाटी घेऊनच गेले. दोन चमचे पोटात गेल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, ते माश्यांचं जेवण. आवडलं?"

"वेलची हवी होती," मी म्हटलं. माघार कोण घेणार!

प्रयोगशाळेतलं थंड कपाट बिघडलं म्हणून बाटल्या घरी आल्या होत्या. दुपारी निमाताई माश्यांना ईथर देऊन झोपवत आणि बारीक कुंचल्याने नर इकडे, मादी तिकडे करत. ओल्या पडद्यातून झिरपणारं ऊन, झोपलेले काचेसारखे पंख. थोडं ईथर माझ्याही नाकात जायचं आणि त्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटायचा.

"पेशी जनुकाची नक्कल उतरवते. नको ते तुकडे कापते, उरलेले जोडते. नरात, मादीत नक्कल तीच, कात्रीही तीच. मादीत फक्त एक मदतनीस प्रथिन असतं. ते सांगतं, हा तुकडा ठेव. तेवढ्यावर मादी घडते. माझ्या माश्यांत तो मदतनीस उकाड्यात ढिला पडतो."

"आमच्या ह्यांच्यासारखा!"

त्या हसल्या नाहीत. "मग मादी व्हायची ती नरासारखी होते. अंडी कोण घालणार? इतक्या वर्षांचा वंश, एवढ्याच बाटल्या उरल्यात गं."

मी आमचाही पंखा नेऊन दिला. हे ओरडले, "वाट लागली! माश्यांना दोन पंखे, नवऱ्याला एकही नाही?"

पंधरवड्याने दुपारी दार वाजलं. कधी कुणाकडे न जाणाऱ्या निमाताई, हातात कुंचला.

"नव्या निघाल्या. माद्या आहेत. खऱ्या."

"अय्या! आत या ना."

"नको... कुणाला तरी सांगायचं होतं, एवढंच." मागे त्यांचं दार उघडं, घर रिकामं.

मी हात धरून आत आणलं. त्या बोलत राहिल्या. मला निम्मंही कळलं नाही. त्या उठू नयेत म्हणून मी आपली पुन्हा पुन्हा चहा गरम करत राहिले.