मिर्झासाहेबांकडे पाठ

कोरस कसा उभा करावा, ते मला विचारा. रेल्वेत मी पूल उभे केले आहेत. वीस गळे म्हणजे काय मोठं! लखनऊच्या विकास नगरातल्या आमच्या महाराष्ट्र मंडळात आरतीला टाळ वाजवण्यापासून माझी कारकीर्द सुरू झाली आणि निवृत्तीनंतर मी थेट ऑपेराचा कंडक्टर झालो. नल-दमयंतीचा ऑपेरा मीच रचला. घरोघरी फिरून गायक जमवले, माझ्या बायकोला, पद्माला, पहिल्या रांगेत उभं केलं आणि हातात पांढरी छडी घेतली. ती मुळात बैठकीतल्या पडद्याची दांडी होती, पण लांबून कळत नव्हतं.

प्रयोग रंगला तर मंडळ मला कायमचा कोरस-मास्तर करणार होतं. नाहीतर पुन्हा टाळ. म्हणून तालमीत एक गोष्ट घोटून घेतली: माझा उजवा हात कपाळाशी गेला की सगळ्यांनी पूर्ण आवाजात 'नळराजा!' म्हणायचं. तुमचा हात जाईल तिकडे आम्ही, असं पद्माने चारचौघांत कबूल केलं. घरात हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

प्रमुख पाहुणे होते हज़रतगंजचे वयोवृद्ध मिर्झासाहेब. पहिला अंक झकास झाला. मध्यंतरात आमचे अध्यक्ष हरिहरराव घामाघूम होऊन आत आले.

"श्रीपादराव, तुम्ही अख्खा अंक त्यांच्याकडे पाठ करून उभे! ते विचारतायत, जनाब हमसे ख़फ़ा हैं क्या?"

कंडक्टर जगभर असाच उभा राहतो, असं मी समजावलं.

"जगात राहू दे. हे लखनऊ आहे."

दुसऱ्या अंकाला मी तिरका उभा राहिलो, एक डोळा कोरसवर, एक पाहुण्यांवर. वनात टाकून दिलेली दमयंती रडत होती, कोरस हलकेच गुणगुणत होता. तेवढ्यात मिर्झासाहेबांनी खूश होऊन मला आदाब केला. उत्तर न द्यावं तर आणखी अपमान. मी किंचित वाकून हात कपाळाशी नेला.

"नळराजा!" वीस गळे गरजले. दमयंती दचकून उठून बसली.

ही सलामी आपल्यालाच, असं वाटून मिर्झासाहेब उभे राहिले आणि आणखी वाकले. मीही वाकलो. नळराजा! मग त्यांच्या रांगेतले सगळे उठून एकेक आदाब करू लागले. एकाला उत्तर देऊन दुसऱ्याला कसं टाळणार? कोरसच्या मागच्या रांगेतले पुरुष 'नळराजा' ओरडून ओरडून खोकू लागले. दमयंती रडायचं सोडून हसत होती.

शेवटी पद्माने माझ्याकडे बघणंच बंद केलं. तिने नुसती मान हलवली, कोरसने नजर तिच्याकडे वळवली आणि अंक असा सुरेल पार पडला की तालमीतही कधी पडला नव्हता. मी आदाब करत होतो.

"इतनी इज़्ज़त हमें किसी जलसे में नहीं मिली," मिर्झासाहेब भाषणात म्हणाले. मंडळाने तिथेच एकमताने ठराव केला: कोरस-मास्तर पद्मा. मला टाळही मिळाले नाहीत. मी आता स्वागत समितीचा प्रमुख आहे; दारात उभं राहायचं, तोंड पाहुण्यांकडे.

छडी पद्माने पुन्हा पडद्याला लावली. तिला लागत नाही.