चौगुलेआण्णांचे दोन फलाट

"पांढऱ्या जीपचे मालक, इकडे लक्ष द्या. आपण दिव्यांगांच्या फलाटावर गाडी लावलेली आहे. आपले दोन्ही पाय आम्ही बघितलेले आहेत. गाडी त्वरित हलवावी."

आमच्या कळंब्याच्या रस्त्यावरच्या सुपरमार्केटात संध्याकाळी ही घोषणा झाली, की समजायचं चौगुलेआण्णा ड्युटीवर आले. ड्युटी कुणी दिली म्हणाल, तर कुणीच नाही. आण्णा बसस्टँडवर कंट्रोलर होते. उभा जन्म गाड्या फलाटाला लावण्यात आणि माईकवर पुकारण्यात गेला. रिटायर झाल्यावर माईक तिथं राहिला, आवाज तेवढा घरी आला. आणि मी शेजारच्याच घरात राहतो, म्हणजे माझ्या कानांचं काय झालं असेल बघा.

सुपरमार्केटच्या दारालगत निळ्या पट्ट्यांच्या दोन जागा आहेत, भिंतीवर चाकाच्या खुर्चीचं चित्र. आण्णांच्या लेखी ते फलाट एक आणि फलाट दोन. शेजारी स्टूल टाकून, गळ्यात शिट्टी अडकवून ते बसायचे. कुणी गाडी घातली की पहिला प्रश्न ठरलेला.

"पावणं, पाय दावा."

आता कोल्हापूरचा गडी असा पाय दाखवतोय होय? "दोन मिन्टात येतो की." "मी कोण हाय, म्हाईत हाय का?" आण्णा थंडपणे म्हणायचे, "न्हाय. पर लंगडा न्हाईस, एवढं दिसतंय." एक पठ्ठ्या त्यांना बघून लंगडत आत गेला आणि पिशव्या घेऊन बाहेर येताना दुसऱ्याच पायानं लंगडायला लागला. आण्णांनी तेही सगळ्या पार्किंगला पुकारून सांगितलं.

मीही हसायचो. पण मला आतलं माहीत होतं. आण्णांच्या बायकोला, मालाकाकूंना, अर्धांगवायूचा झटका येऊन डावी बाजू गेली होती. बाजाराची दांडगी हौस असलेली बाई, साधं वांगं दहा वेळा उलटंपालटं करून घेणारी. जरा बरं वाटल्यावर माझ्याच गाडीतून आम्ही त्यांना इथं आणलं, तर दोन्ही निळ्या जागांत धडधाकट लोकांच्या गाड्या. खुर्ची उघडायला जागा नाही, मागून हॉर्नवर हॉर्न. काकू म्हणाल्या, "घरी न्या मला. माझ्यासारखीनं आता भाईर पडू न्हाय." त्यानंतर त्या उंबऱ्याबाहेर आल्याच नाहीत. आण्णांनी दुसऱ्या दिवशी शिट्टी शोधून काढली. रोज घरी जाऊन सांगायचे, "आज दोन्ही फलाट मोकळं हुतं. चल की उद्या." काकू भिंतीकडं तोंड फिरवायच्या. एवढ्या एका होकारासाठी ही सगळी ड्युटी.

मग एकदा आण्णा चुकले. फलाट एकवर एक तरुण बाई उतरली, सरळ चालत निघाली. आण्णांनी आवाज लावला, "आपले पाय ठणठणीत..." ती थांबली, दम घेऊन म्हणाली, "पाय चांगलेच आहेत, काका. हृदय निम्मंच चालतंय. गाडी लांब लावली तर दारापर्यंत पोचत नाही मी. दिव्यांगाचं कार्ड दाखवू?"

आण्णांनी कार्ड बघितलं नाही, स्वतःचं स्टूल तिला बसायला दिलं. घरी येताना मला म्हणाले, "जल्मभर गाडीचा नंबर बघितला रं. आत कोण बसलंय, ते कुठं बघितलं?"

तेव्हापासून शिट्टी खिशात गेली. "पावणं, खरंच गरज हाय? आसंल तर लावा, मी काय इचारत न्हाय." गंमत म्हणजे शिट्टीला न जुमानणारे या प्रश्नाला वरमून गाडी मागं घ्यायला लागले. भांडायला काही सापडेना, लोकांची मोठी पंचाईत झाली.

त्या बाईची हकीकत आण्णांनी घरी सांगितली. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "चला."

मी गाडी काढली. पोचतोय तर फलाट एकवर त्या बाईची गाडी. फलाट दोनवर एक आजोबा कुबड्या सावरत उतरत होते. आता काकू परत फिरा म्हणणार. "लांब लाव," एवढंच आण्णा मला म्हणाले, तेही पुटपुटत. मागच्या भिंतीपाशी आम्ही खुर्ची उघडली. काकू त्या दोन गाड्यांकडं एकटक बघत होत्या.

"ही समदी माझ्यासारखीच?"

"व्हय."

"आन् बाजाराला येत्यात?"

"रोज येत्यात की."

"मग त्ये आधीच सांगायचं हुतं की मला. जागा मोकळी हाय, जागा मोकळी हाय, ह्येच सांगत बसलाय. मोकळ्या जागंत एकटीनं येऊन काय करू?"

आण्णा खुर्ची ढकलत आत गेले.

आत काकूंनी सगळ्यांत आधी आण्णांसाठी शर्ट काढला. "बसा खाली, माप बघू दे." आण्णा पाठमोरे होऊन खुर्चीपुढं उकिडवे बसले. काकू उजव्या हातानं शर्ट त्यांच्या पाठीला लावून बघायला लागल्या. आण्णांचं तोंड माझ्याकडं होतं. अख्खं स्टँड गाजवणारा माणूस आवाज न करता रडत होता. माप केव्हाच बघून झालं होतं, पण काकूंनी हात काढला नाही आणि आण्णाही उठले नाहीत. माझेही डोळे भरून आले. मी आपला साबण बघायला पलीकडं गेलो.