उलट्या वळणाची बिडी

अफजलपूरच्या बसस्टँडवर बिडी पेटवायची म्हणजे आधी बीरप्पाअण्णांना झडती द्यावी लागे. तुम्ही बिडी ओठात धरून काडी ओढली रे ओढली, की फाटकाजवळच्या घोंगड्यांच्या ढिगामागून अण्णा उठून येत आणि सरळ तुमचं मनगट धरत. "थांबा जरा. दावा इकडं." मग बिडी उजेडाकडे धरून, डोळे बारीक करून, बोटांत हळूहळू फिरवून बघत. बघून झालं की परत देत आणि वर म्हणत, "घ्या. लावा छातीला आग."

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्या सुमाराला मी त्या स्टँडवर कंट्रोलर होतो. माझा दिवस एका बंडलावर चाले, त्यामुळे अण्णांशी माझी गाठ रोज वीस-पंचवीस वेळा पडे. बायकोनेही माझ्या बिडीकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं.

अण्णा जातीचे धनगर. मेंढरं कधीच विकून झाली होती. आता दुसऱ्यांनी विणलेल्या घोंगड्या विकत. पटका लाल, मिशा पांढऱ्या आणि तोंड अखंड चालू. गिऱ्हाईक घोंगडीची किंमत विचारी आणि अण्णा त्याला त्याच्या छातीची अवस्था सांगत. "छाती म्हंजे काय धुराडं हाय व्हय? सारवून घेता येती का आतनं?" त्यांचं ऐकून बिडी सोडलेला माणूस मी पाहिला नाही. घोंगडी न घेता निघून गेलेले पुष्कळ पाहिले.

गंमत म्हणजे अण्णा स्वतः ओढत नसत. मग झडती कशाला? याबद्दल स्टँडवर मतं अनेक. पानवाला म्हणे, फुकट्या आहे, लाजेने ओढत नाही. शेंगा विकणाऱ्या म्हातारीची खात्री होती की तो बिडीवर काहीतरी मंत्र टाकतो. तिने आपल्या नवऱ्याला सक्त ताकीद दिली होती, त्याच्या हातात बिडी द्यायची नाही, स्टँडमागे जाऊन ओढायची. एकदा सोलापूरहून बिडीचा विक्रेता आला. अण्णांनी त्याच्या पेटीतली बंडलं एकेक सोडून बिड्या उन्हात धरलेल्या पाहून तो बिचारा घाबरला. हा सरकारी तपासनीसच, साध्या वेषात आलेला, असं समजून त्याने अण्णांना हॉटेलात नेलं, मिरची भजी चारली, दोनदा चहा पाजला. अण्णांनी सगळं शांतपणे खाल्लं आणि उठताना त्याला म्हणाले, "माल बरा हाय, पर धंदा पापाचा हाय." विक्रेता पुढचे दोन महिने फिरकला नाही.

गुलबर्ग्याकडून येणाऱ्या गाड्यांना अण्णांच्या लेखी किंमत नव्हती. सोलापूरची गाडी आली की मात्र घोंगड्या उघड्या टाकून ते धावत. एकदा ड्रायव्हरने गाडी सुरू केली तरी हे दाराच्या पायरीवर उभे, आत कुणाचीतरी बिडी तपासणं चाललेलं. मी शिट्टी मारून मारून थकलो. वेळापत्रकाचा जाब मला द्यावा लागे, त्यांना नव्हे.

महिन्यातून एखादी बिडी मात्र परत मिळत नसे. अण्णा तिच्याकडे बघतच राहत. मग त्या माणसाच्या पाया पडून अख्खं बंडल मागत आणि पानवाल्याकडून नवं आणून त्याच्या हातात ठेवत. त्या दिवशी ते कुणाला उपदेश करत नसत. गिऱ्हाईक मागेल त्या भावात घोंगडी देऊन टाकत आणि मलाही "लावा, लावा, तुमचं वय हाय" म्हणत.

पुढे एका उन्हाळ्यात हे सगळं मंदावलं. झडत्या चालू होत्या, पण न परतलेली बिडी मी कितीतरी महिन्यांत पाहिली नव्हती. अण्णांचं बोलणं तुटक झालं. मी त्यांच्यासमोर लागोपाठ दोन बिड्या ओढल्या, तरी छातीचं नाव नाही. माणूस शिव्या देईनासा झाला की मला करमत नाही. दुपारी स्टँड रिकामं असताना त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि काय झालं म्हणून विचारलं.

त्यांनी बंडीच्या खिशातून एक बिडी काढली आणि माझ्या बिडीशेजारी धरली. माझ्या बिडीचं पान एका अंगाने वळत गेलेलं, त्यांच्या बिडीचं बरोबर उलट्या अंगाने. तिच्या मिटलेल्या तोंडावर नखाची बारीकशी खूण होती.

"माझी शांता डावरी हाय," अण्णा म्हणाले. "नख लावायचं तिच्या आईनं शिकिवलं."

मग एकेक करून सगळं कळलं. अण्णांची बायको घरी बिड्या वळायची. लेकही आईशेजारी सूप घेऊन बसू लागली, पण डाव्या हाताने. उलट्या बिड्या ठेकेदार छाट म्हणून फेकून देईल या भीतीने अण्णा तिच्या डाव्या हातावर चापट्या मारत. सवय मोडली नाही. मोठी झाल्यावर तिने सोलापूरच्या एका यंत्रमागावर काम करणाऱ्याशी लग्न केलं, दुसऱ्या जातीतल्या. "पुन्हा तोंड दावू नको," असं अण्णांनी याच स्टँडवर तिला सांगितलं होतं. त्याला बारा वर्षं झाली होती. मधल्या काळात बायको खोकून खोकून गेली. आयुष्यात तिने एकही बिडी ओढली नव्हती.

"वडणाऱ्याचीच छाती जळती असं न्हाई सायेब. वळणारीची बी भरतीय. उलटी बिडी दिसली की मी म्हनायचो, हाय, लेक जित्ती हाय. आता सहा म्हैनं झालं, एक बी दिसली न्हाई."

त्यांनी मान खाली घातली. मला त्यांच्याबद्दल केलेली सगळी थट्टा आठवली आणि मनापासून लाज वाटली. येत्या सुट्टीला आपण सोलापूरला जातोय, एवढंच मी सांगितलं. ते नको म्हणाले, पण त्या दिवशी माझ्या आधी स्टँडवर येऊन बसले होते.

सोलापुरात पत्ता ठाऊक नव्हता. अण्णा बिडी कारखान्यांच्या दारात माल द्यायला आलेल्या बायकांना विचारत सुटले, डावरी बाई कुणी बघितली का म्हणून. तिसऱ्या दाराशी एक बाई म्हणाली, "शांताक्का? ती येत न्हाई आता. छाती धरलीय तिची." तिनेच घर दाखवलं.

शांता उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. हाडं वर आलेली. अण्णांना पाहून उठली, ती खोकतच. आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं, चटई टाकली. अण्णांसारखा बोलका माणूस भिंतीकडे बघत बसला होता. शेवटी तीच म्हणाली, डॉक्टरांनी तंबाखूला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.

मग तिने विचारलं, "आप्पा, तुमी अजून वडताव का?"

"न्हाई गं. तुजी आय गेली त्या दिसापासनं एक बी न्हाई. कामून?"

तिने पदर तोंडाला लावला. "अफजलपूरला माल जायलाय म्हनलं की मी त्या दिशी जास्त वळायची. म्हनायची, एखादी तर आप्पांच्या हातात जाईल. आन् मग रातभर भ्या वाटायचं, मीच त्येंची छाती जाळायलेय म्हून."

अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मी उगाच बाहेर बघत राहिलो.

आमची परतीची गाडी साडेपाचची होती. पाच वाजत आले होते. मी चपलांकडे पाहिलं, तसे अण्णा लेकीकडे वळले.

"जावई कवा येतेत कामावरनं?"

हा शब्द शांताने त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. "सातला सुटतेत," ती म्हणाली.

"मग बसतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पटका काढून शेजारी ठेवला.