सीताफळाची तोंडी परीक्षा

तात्यांच्या बागेतलं सीताफळ खायचं असेल तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते.

तात्या आमचे शेजारी. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी औंधजवळ डोंगराच्या उतारावर बाग लावली आणि प्रत्येक झाडाला आसपासच्या एकेका ठिकाणाचं नाव दिलं. पत्र्याच्या तुकड्यांवर रंगानं लिहिलेलं: वर्धनगड, सज्जनगड, सागरेश्वर, दंडोबा, लिंबची विहीर. नियम एकच. जो त्या ठिकाणी स्वतःच्या पायांनी जाऊन आला, त्यालाच त्या झाडाचं फळ.

नुसतं 'पाहिलंय' म्हणून भागत नाही. एकदा इतिहासाचे एक प्राध्यापक आले. लिंबच्या विहिरीवर त्यांनी सनावळ्यांसकट व्याख्यानच ठोकलं. तात्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ द्या सायेब. आत उतरल्यावर पयलं काय वाटलं?"

प्राध्यापक पुन्हा सनावळ्यांकडे वळले.

"गार वाटतं, गार! तुमी काठावरनंच माघारी फिरलाय."

प्राध्यापकांनी मोबाईलवरचा फोटो पुढे केला.

"ह्यो तर मोबाईल जाऊन आलाय. त्याला फळ देऊ व्हय?"

मी शाळामास्तर, पण मीही सज्जनगडावर नापास झालो. लहानपणी सहलीला गेलो होतो, त्यातला वडापाव तेवढा आठवला. "मास्तर, तवा तुमचं पोट गेलं व्हतं," तात्या म्हणाले. "आता पाय घिऊन जावा." मग मात्र मी इरेला पेटलो. दर रविवारी मोटारसायकल काढायची आणि निघायचं. बाजारात सीताफळांचे ढीग पडलेत, असं बायको सुनावत राहिली. तिचं बरोबरच होतं, पण मला आता राहवत नव्हतं.

परवा कराडचा सदाशिवगड चढून मी थेट बागेच्या टोकाला गेलो. तिथल्या 'सदाशिवगड' झाडाची निम्मी फळं पाखरांनीच खाल्लेली. मी परीक्षेत पास झालो. तात्यांनी दोन पिकलेली फळं तोडली आणि एक मला दिलं.

"दुसरं तुम्ही खा की."

"मला चालत न्हाई. मी गेलो न्हाई तितं."

मी चाटच पडलो. सगळा मुलूख पायी तुडवलेला हा माणूस जवळच्या कराडला गेला नाही?

तात्यांच्या घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, उलगडा केला. त्यांचं माहेर त्याच गडाच्या पायथ्याचं. लग्न झाल्यावर दोघांनी जोडीनं वरच्या महादेवाला जायचं ठरलं होतं, तर आदल्या दिवशीच पलटणीचं बोलावणं आलं. पुढं दर रजेत काही ना काही निघत गेलं. आता काकींचे गुडघे उंबरा ओलांडतानाही दुखतात.

"मी म्हनते, आवं, तुमी तरी जाऊन या. तर ऐकत न्हाईत."

"एकटा जाऊन काय करू?" तात्या काकींकडं न बघताच म्हणाले. "जोडीनं जायाचं ठरलं व्हतं."

काकी मात्र लहानपणी तो गड कितीदा तरी चढलेल्या, त्यामुळे त्यांचा हक्क पक्का. माझ्या परीक्षेतल्या खुणाही तात्यांनी त्यांच्याकडूनच ऐकलेल्या. तात्यांनी हातातलं सीताफळ फोडलं. एकेक बी काढत त्यांनी सगळा गर वाटीत भरला आणि वाटी काकींपुढे सरकवली.

तात्यांची बोटं गरानं माखली होती. ती त्यांनी चाटली नाहीत. धोतराला पुसली.