पाचवी ब परगण्यात ‘हो’ बंद जाहला त्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न असो. प्रसन्न नसल्यास निदान तासाला हजर असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी पाचवी ब या परगण्यात वर्तले ते येणेप्रमाणे. परगण्याचा कुळाचार ऐसा की, बाईंनी “समजलं?” पुसावे आणि रयतेने एकमुखाने “होऽऽ” म्हणावे, समजणे हा मामला अलाहिदा. परगण्याच्या बाई कुसुम डोईफोडे यांस संशय आला आणि त्यांनी मुद्दाम सांगितले की, “मासा झाडावर घरटं बांधतो. समजलं?” रयत वदली, “होऽऽ.” मग बाईंनी मस्तकी हात लाविला आणि फर्मान काढिले की, आजपासून ‘हो’ बंद, प्रत्येकाने “कशावरून?” पुसावे. मग दाणादाण उडाली, हजेरीस “कशावरून?” आणि मधल्या सुट्टीसही “कशावरून?”, आणि सुट्टी सिद्ध होईतो ती संपली.

इतक्यात सुभ्याहून तपासणीस सरदार निरगुडेसाहेब चालून येतात ऐशी खबर आली. किल्लेदार मुख्याध्यापक बाईंस बोलिले, “उद्या ‘हो’ नाही आला तर तुमची बदली डोंगरावरच्या शाळेत. तिथे पोरं चार, बाकी माकडं.”

“माकडं ‘हो’ म्हणतात का, सर?”

“नाही.”

“मग बरं आहे,” बाई बोलिल्या खऱ्या, परंतु सकाळी वर्गास म्हणाल्या, “आजच्या दिवस ‘हो’ म्हणा.” तो चैत्राली घोंगडे उठोन पुसती जाहली, “बाई, उद्यापासून परत विचार करायचा का?” बाई लाजल्या आणि हुकूम मागे घेतला.

मग साहेब आले आणि गरजले, “लोखंड पाण्यात बुडतं. समजलं?” वर्ग चिडीचूप. दाराशी उभे किल्लेदार ‘हो म्हणा’ ऐसे खुणावू लागले.

“साहेब, मग जहाज?” चैत्राली.

“ते मोठं असतं.”

“मोठं लोखंड बुडत नाही? कशावरून?”

साहेबांनी पाण्याची बादली मागविली. खिळा बुडाला, रिकामी कंपासपेटी तरली. साहेबांनी बाह्या सारिल्या आणि किल्लेदारांचा पिठल्याचा डबा सोडिला, तो थेट तळास गेला.

“डबा होता तो माझा,” किल्लेदार.

साहेब बादलीवर वाकोन बोलिले, “मला नीट समजलं नाही. बाई, उद्या पुन्हा येऊ का?”

ऐसे वाक्य त्या परगण्यात पूर्वी कोणी ऐकिले नव्हते. मग मागल्या बाकावरून एक हात वर आला, “मलापण नाही समजलं,” आणि मग दुसरा, आणि मग अवघा परगणा.

तात्पर्य: बदली टळली, किल्लेदार उपाशी राहिले, आणि दुसरे दिवशी साहेब घंटेआधी येऊन पहिल्या बाकावर बसले.